रौप्यनाण्यांचे संग्रहमूल्य

रौप्यनाण्यांचे संग्रहमूल्य : चलनातून गेलेल्या चांदीच्या नाण्यास धातूच्या किंमतीव्यतिरिक्त संग्राहक, वस्तुसंग्रहालये व अभ्यासक यांच्या लेखी जी किंमत असते, तिला संग्रहमूल्य म्हणतात. नाण्याची दुर्मिळता, त्याची प्रत, अस्सलपणा, ऐतिहासिक महत्त्व व त्याला असलेली मागणी या पाच गोष्टींवर ती मुख्यत्वे अवलंबून असते. नाणे जितके जुने तितके अधिक मोलाचे, हा सर्वसाधारण समज बरोबर नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची काही आहत नाणी आजही माफक किंमतीत मिळतात, तर विसाव्या शतकातील एखाद्या वर्षाच्या रुपयास त्याच्या चांदीच्या कितीतरी पट किंमत येते. हा भेद समजून घेण्यासाठी नाणी कशी पाडली गेली, कशी वापरली गेली आणि विशेषतः कशी नष्ट झाली, हे पाहणे आवश्यक आहे.

चांदीच्या नाण्यास तीन प्रकारची मूल्ये संभवतात : त्यातील शुद्ध चांदीचे धातुमूल्य, राज्यसत्तेने ठरविलेले दर्शनी मूल्य आणि संग्रहमूल्य. पहिली दोन मूल्ये नाण्याच्या जन्मापासून त्याच्याबरोबर असतात. तिसरे बहुधा नाणे चलनातून गेल्यावर उत्पन्न होते. या तीन मूल्यांचे परस्परसंबंध सतत बदलत आले आहेत. धातुमूल्य दर्शनी मूल्यापेक्षा वाढले, की नाणे मुशीत जाते. ते कमी झाले, की नाणे केवळ राज्याच्या पतीवर चालते. नाण्यांच्या दुर्मिळतेचे मूळ पुष्कळदा या चढउतारात सापडते. भारतीय रुपयाच्या इतिहासात ही सर्व स्थित्यंतरे स्पष्ट दिसत असल्याने प्रस्तुत विवेचनात रुपया हेच मुख्य उदाहरण घेतले आहे.

प्राचीन पार्श्वभूमी : भारतातील सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी होत. पत्र्याचे तुकडे ३२ रतींच्या, म्हणजे सु. ३·४ ग्रॅ. वजनाचे कापून त्यांवर सूर्य, षडर, वृक्ष, प्राणी यांची चिन्हे स्वतंत्र ठशांनी उमटवीत. यांपैकी अनेक नाण्यांच्या मागील बाजूस लहान लहान खुणा आढळतात. नाणी हातोहात फिरत असता व्यापाऱ्यांनी व पारख्यांनी ती तपासून त्या उमटविल्या, असे मानले जाते. कौटिलीय अर्थशास्त्रात टाकसाळीवरील लक्षणाध्यक्ष आणि नाणी पारखणारा रूपदर्शक या अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे. तसेच चांदीच्या पणात चौथा हिस्सा तांबे व अल्प प्रमाणात इतर हीन धातू घालावे, असे सांगितले आहे. नाण्याचा कस पाहणे व त्यानुसार त्याची किंमत ठरविणे ही प्रथा नाण्याइतकीच जुनी आहे, हे यावरून दिसून येते.

महाराष्ट्रातील रौप्यनाण्यांचा सर्वांत प्रसिद्ध निधी १९०६ मध्ये नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे मिळाला. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची सु. १३,२५० नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा मुखवटा व अक्षरे यांवर सातवाहनांचा चैत्य आणि उज्जयिनी-चिन्ह उमटलेले असल्याने ही नाणी दिसण्यात ओबडधोबड आहेत. निव्वळ सौंदर्याच्या दृष्टीने पाहता मूळची स्वच्छ नाणी सरस ठरतील. तथापि सातवाहन राजाने क्षहरातांचा उच्छेद केला, या नासिकच्या कोरीव लेखातील विधानाला प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो या दुहेरी ठशांच्या नाण्यांमुळे. शिवाय पुनर्मुद्रित व अपुनर्मुद्रित नाण्यांचे प्रमाण कळले, ते निधी एकत्र अभ्यासता आल्यामुळे. तोच निधी सुट्या नाण्यांच्या रूपाने बाजारात पांगला असता, तर प्रत्येक नाण्याची किंमत कदाचित तीच राहिली असती; परंतु इतिहासाची हानी झाली असती. संग्रहमूल्य व ऐतिहासिक मूल्य या दोन गोष्टी एकमेकींशी निगडित असल्या, तरी एकच नव्हेत, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

रुपया व बट्टा : शेरशाह सूर (कार. १५४०–४५) याने सु. १७८ ग्रेन (सु. ११·५ ग्रॅ.) वजनाचे उत्तम चांदीचे नाणे रूढ केले. तेच पुढे रुपया या नावाने मोगलांनी चालू ठेवले. मोगल रुपयावर बादशहाचे नाव, टाकसाळीचे नाव, हिजरी सन व राज्यारोहणापासूनचे वर्ष, म्हणजे जुलूस, अशी माहिती असे. साचा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने यांपैकी काही मजकूर बहुधा चकतीबाहेर राही. ज्या नाण्यावर टाकसाळ व सन दोन्ही पूर्णपणे उमटले आहेत, त्याला संग्राहक आज अधिक किंमत देतात, याचे कारण हेच होय.

अठराव्या शतकात मोगल सत्ता दुर्बळ झाल्यावर ठिकठिकाणी टाकसाळी निघाल्या. मराठ्यांच्या टाकसाळींतील रुपयेही बहुतांशी मोगल बादशहाच्या नावाने पाडले जात. त्यांची ओळख पटे ती विशिष्ट चिन्हांवरून. अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी, चांदवडच्या टाकसाळीतील चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही असे अनेक रुपये एकाच वेळी व्यवहारात होते. त्यांचे वजन व कस सारखे नसल्याने एका प्रकारचा रुपया देऊन दुसरा घेताना बट्टा द्यावा लागे. हा बट्टा ठरविण्याचे काम सराफ व पोतदार करीत. नाण्याचा नाद ऐकणे, कसोटीवर रेघ ओढणे, काट्यावर वजन करणे व संशय आल्यास कडेला छेद देऊन आतील धातू पाहणे, या त्यांच्या रीती होत्या. शेतकऱ्याने सारा कोणत्या रुपयात भरावा व त्यावर किती बट्टा पडावा, हा गावोगावच्या तक्रारींचा विषय असे.

बंगालमध्ये या पद्धतीला आणखी एक वळण लागले होते. चालू वर्षाचा सिक्का रुपया पूर्ण किंमतीचा धरीत. परंतु वर्ष उलटले, की वजनात काहीही घट झालेली नसली, तरी त्यावर बट्टा आकारीत. यावर उपाय म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलम दुसरा याचे एकोणिसावे जुलूस वर्ष कायम केले. १७९३ नंतर प्रत्यक्षात कोणत्याही वर्षी पाडलेल्या मुर्शिदाबादी सिक्का रुपयावर ‘१९ सन’ हाच अंक राहिला आणि तारखेवरून बट्टा घेण्याचा आधारच नाहीसा झाला. नाण्यावरील वर्षाला पैशात किंमत असणे ही आधुनिक संग्राहकांची कल्पना नव्हे. सराफांच्या पेढीवर ती पूर्वीच रूढ होती. फरक इतकाच, की सराफाला नवे वर्ष प्रिय होते व संग्राहकाला दुर्मिळ वर्ष प्रिय असते.

कलदार रुपया : १८३५ च्या नाणेविषयक कायद्याने कंपनीच्या सर्व प्रदेशांत एकच रुपया लागू झाला. त्याचे वजन १८० ग्रेन म्हणजे एक तोळा (११·६६ ग्रॅ.) आणि शुद्धता अकरा-बारांश (९१·६७ टक्के) होती. त्यात १६५ ग्रेन म्हणजे सु. १०·६९ ग्रॅ. शुद्ध चांदी असे. यंत्रावर पाडलेला, गोल व दातेरी कडेचा असा हा रुपया ‘कलदार’ या नावाने सर्वतोमुखी झाला. दातेरी कडेमुळे नाण्याची कड कातरून चांदी काढणे अशक्य झाले. प्रारंभी त्यावर विल्यम चौथा, १८४० पासून व्हिक्टोरिया राणी व त्यानंतर सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज यांचे मुखवटे आले. १८७७ पासून व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर ‘राणी’ऐवजी ‘सम्राज्ञी’ हे पद आले.

संस्थानांची नाणी काही ठिकाणी याच्या बरोबरीने चालत. मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का व्यवहारात होता आणि साधारणपणे सात हाली रुपये सहा कलदारांच्या बरोबरीचे धरीत. कच्छची कोरी व गोव्यातील पोर्तुगीज रुपिया ही अशीच इतर नाणी होत.

यंत्राने पाडलेली नाणी एकसारखी असतात, हे केवळ वरवर पाहता खरे आहे. मुंबई, कलकत्ता व काही काळ मद्रास येथील टाकसाळींच्या साच्यांत बारीक फरक असत. मुंबईची नाणी बहुधा ठिपक्यावरून ओळखली जातात, तर दुसऱ्या महायुद्धकाळात निघालेल्या लाहोर टाकसाळीची नाणी ‘एल’ या अक्षरावरून. विशेष उदाहरण १८६२ सालच्या रुपयाचे आहे. हे वर्ष घातलेला रुपया १८७४ पर्यंत पाडला जात होता. त्यामुळे १८६२ हा अंक असलेले रुपये विपुल आहेत. मात्र मुंबईच्या टाकसाळीने तारखेखाली व अन्यत्र ठिपके घालून प्रत्यक्ष वर्षाची नोंद ठेवली. मुखवट्याची घडण, मागील बाजूवरील नक्षीची पाकळी व ठिपक्यांची संख्या यांवरून या रुपयांचे अनेक पोटप्रकार पडतात. त्यांतील काही सहज मिळतात, तर काही फार क्वचित. सामान्य विक्रेता ज्याला ‘व्हिक्टोरियाचा साधा रुपया’ म्हणून वजनावर देतो, त्यात असा एखादा पोटप्रकार असण्याचा संभव असतो. म्हणून ज्ञान हाही संग्रहमूल्याचा एक घटक मानावा लागतो.

चांदीचे भाव व नाण्यांचा नाश : १८७३ च्या सुमारास जर्मनी व इतर राष्ट्रांनी सुवर्णपरिमाण स्वीकारल्यामुळे आणि अमेरिकेत नव्या खाणी निघाल्यामुळे चांदीचा भाव घसरू लागला. १८७० च्या सुमारास सु. दोन शिलिंगांचा असलेला रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. तेव्हा हर्शेल समितीच्या शिफारशीवरून १८९३ मध्ये टाकसाळी खाजगी चांदीला बंद करण्यात आल्या आणि पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असा स्थिर झाला. यामुळे रुपयाचे दर्शनी मूल्य त्यातील चांदीपेक्षा अधिक झाले, म्हणजे तो प्रातिनिधिक नाणे बनला.

पहिल्या महायुद्धात परिस्थिती उलटली. चांदी भडकली, रुपये साठविले व वितळविले जाऊ लागले. सरकारला रुपये वितळविण्यावर बंदी घालावी लागली आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. हिंदुस्थानातील रुपयाची टंचाई भागविण्यासाठी अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये आपले सु. २७ कोटी चांदीचे डॉलर वितळविले व त्यांपैकी बहुतांश चांदी ब्रिटिश सरकारला विकली. वितळविलेली नाणी कोणत्या वर्षाची व कोणत्या टाकसाळीची होती, याची नोंद ठेवण्यात आली नाही. परिणामी अमेरिकन डॉलरांच्या संग्राहकांना किती नाणी पाडली गेली हे ठाऊक असले, तरी किती उरली हे केवळ अनुभवाने शिकावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात रुपयाची शुद्धता १९४० मध्ये निम्म्यावर आणण्यात आली. नव्या रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त होते. बनावट नाण्यांना आळा घालण्यासाठी त्याच्या कडेला विशेष खाच ठेवण्यात आली. १९४१ ते १९४३ या काळात जुने उंची रुपये टप्प्याटप्प्याने परत मागविण्यात आले व त्यांतील फार मोठा भाग वितळविण्यात आला. युद्धकाळात उसनवार-पट्टा करारान्वये अमेरिकेने अविभाजित हिंदुस्थानला सु. २२·६ कोटी औंस चांदी दिली होती. तिची परतफेड करण्यासाठी स्वातंत्र्यानंतर चलनातून काढलेल्या अर्ध्या चांदीच्या नाण्यांतील चांदी शुद्ध करून वापरण्यात आली. १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला आणि सुमारे चारशे वर्षांची रौप्य रुपयाची परंपरा दैनंदिन व्यवहारापुरती संपली. पुढे भारत सरकारने काढलेली चांदीची नाणी, उदा., गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये काढलेला ८० टक्के चांदीचा १५ ग्रॅ. वजनाचा दहा रुपयांचा शिक्का, ही स्मारकनाणी होत.

बाजारातील तेजीचा असाच परिणाम नंतरही झाला. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला सु. ५० डॉलरपर्यंत चढली तेव्हा अनेक देशांत सामान्य प्रतीची नाणी पोत्यांनी मुशीत गेली. मार्चमध्ये भाव कोसळला. परंतु वितळलेली नाणी परत आली नाहीत. धातूची तेजी ही संग्राहकाला लाभदायक वाटली, तरी नाण्यांना घातक असते.

दुर्मिळता : नाणे किती पाडले गेले यापेक्षा किती उरले, याला अधिक महत्त्व आहे. याची दोन उदाहरणे उद्‌बोधक आहेत. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील मानचिन्हाच्या माळेत हत्तीची आकृती होती. आकार लहान व सोंड आखूड असल्यामुळे ती डुकरासारखी दिसते, असा आक्षेप निघाला. सु. ९४ लक्ष रुपये पाडले गेले होते; त्यांपैकी सु. ७ लक्षच चलनात गेले आणि उरलेले वितळविण्यात आले. १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारण्यात आली. यामुळे १९११ चा रुपया त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षांच्या रुपयांहून अधिक किंमतीचा ठरतो.

दुसरे उदाहरण सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयाचे आहे. अकरा-बारांश शुद्धतेचा हा अखेरचा रुपया होय. तो मुंबईस पाडला गेला. परंतु पुढच्याच वर्षी चांदीचे प्रमाण बदलल्याने त्यातील बहुतेक नाणी लवकरच मुशीत गेली. १९३८ चा रुपया सहज मिळतो, तर १९३९ चा फार विरळा. धातू, वजन व मुखवटा सर्व सारखे असूनही केवळ एका अंकाने दोहोंच्या किंमतीत मोठे अंतर पडते.

दुर्मिळता ही कायमची असतेच असे नाही. न्यू ऑर्लिन्स टाकसाळीचा १९०३ चा डॉलर दीर्घकाळ अत्यंत दुर्मिळ समजला जाई. १९६२ मध्ये अमेरिकन कोषागारातून त्याच्या न उघडलेल्या थैल्या बाहेर पडल्या आणि त्याची किंमत एकदम कोसळली. भारतातही जमिनीतून निघणाऱ्या एखाद्या मोठ्या निधीमुळे पूर्वी विरळ असलेला प्रकार सुलभ होतो. म्हणून एखादे नाणे दुर्मिळ आहे, या विधानाचा अर्थ ‘आजवर थोडीच ज्ञात आहेत’ एवढाच घ्यावा लागतो.

प्रत : एकाच वर्षाच्या दोन नाण्यांच्या किंमतीत जो फरक दिसतो, तो त्यांच्या प्रतीमुळे. नाणे हाताळले जाताना त्याचे उंच भाग प्रथम झिजतात. व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुटाची नक्षी व कानाजवळील केस, तर राजांच्या नाण्यांवर भुवई व वस्त्रावरील बारीक काम पाहून झीज ठरवितात. चलनात न गेलेल्या नाण्यावर टाकसाळीची मूळची झळाळी असते. नाणे प्रकाशात फिरविले असता ती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसते. अमेरिकन अभ्यासक विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी प्रतवारीची पट्टी सुचविली. पुढे ती सर्व धातूंच्या नाण्यांना लावण्यात आली आणि १९८० नंतरच्या दशकात नाणी तपासून, अंक देऊन प्लॅस्टिकच्या बंद खोक्यात घालणाऱ्या व्यावसायिक संस्था तेथे निघाल्या. प्रतवारी हा अखेर अनुभवी नजरेचा निर्णय असल्याने तिच्यात मतभेदाला वाव राहतो.

सामान्य नाण्याच्या बाबतीत प्रत निर्णायक असते, कारण झिजलेली नाणी विपुल असतात व तशा नाण्यास धातुमूल्याहून फारसे अधिक मिळत नाही. अत्यंत दुर्मिळ नाण्याच्या बाबतीत मात्र ती गौण ठरते. जे नाणे एरवी मिळतच नाही, ते झिजलेलेही स्वीकारले जाते.

प्रत बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण वापर नसून घासणे हे आहे. चांदीवर हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे काळसर, निळसर वा तांबूस पटल चढते. ते धातूचे रक्षण करते व नाणे दीर्घकाळ न हाताळल्याची साक्षही देते. आपल्याकडे लक्ष्मीपूजनासाठी घरातील जुने रुपये चिंच, राख किंवा रांगोळीने घासून चकचकीत करण्याची चाल आहे. त्यामुळे पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे उठून मूळची झळाळी कायमची जाते. ज्या भक्तीने ही नाणी पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, तिच्यामुळेच ती मुशीतून वाचली, हेही तितकेच खरे. माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेल्या रुपयांची गोष्ट अशीच आहे. डाखामुळे नाण्याचे संग्रहमूल्य घटते. पण बंजारा व इतर समाजांतील स्त्रियांच्या अंगावरील अशी माळ ही त्या घराची बचत व त्या समाजाच्या इतिहासाचे साधन असते. ती तोडून रुपये सुटे करण्यात लाभापेक्षा हानीच अधिक होते.

मागणी व पूर्वस्वामित्व : दुर्मिळ नाण्यास ग्राहक नसेल, तर किंमत येत नाही. संस्थानी वा मराठा रुपयांचे कित्येक प्रकार कलदार रुपयाहून विरळ असूनही त्यांना मागणी मर्यादित असते. कारण त्यांवरील फार्सी मजकूर वाचणारे थोडे आणि वर्षवार संच पुरा करण्याची ओढ कलदार रुपयांच्या बाबतीत अधिक. याउलट ज्या नाण्यामागे एखादी लोकप्रिय कथा आहे, त्याची मागणी वाढते. जहांगीर बादशहाने (कार. १६०५–२७) महिन्याच्या नावाऐवजी राशीचित्र घातलेली नाणी पाडली. मेष, वृषभ, सिंह यांच्या आकृती असलेली ही सुंदर नाणी प्रारंभापासूनच संग्राहकांच्या विशेष आवडीची ठरली आणि त्यांच्या नकलाही मोठ्या प्रमाणावर झाल्या. नाणे पूर्वी कोणत्या नामवंत संग्रहात होते याची अखंड नोंद असेल, तर त्याच्या अस्सलपणाची खात्री वाढून किंमतही वाढते. १८०४ सन घातलेल्या अमेरिकन डॉलरांपैकी मस्कतच्या सुलतानास भेट दिलेल्या संचातील नाणे त्यामुळेच विशेष प्रसिद्धी पावले. ते डॉलर प्रत्यक्षात १८३४ च्या सुमारास राजनैतिक भेटीसाठी पाडले गेले होते, ही त्यातील गंमतीची बाब होय.

अस्सलपणा : किंमत वाढली, की बनावट नाणी निपजतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन : ओतीव नकला, नव्या साच्यावर पाडलेल्या नकला आणि अस्सल नाण्यावरील तारीख किंवा टाकसाळीची खूण बदलून केलेली लबाडी. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे व कडेवर सांध्याची रेघ दिसते. वजन व विशिष्ट गुरुत्व या कसोट्या सोप्या व नाण्याला अपाय न करणाऱ्या आहेत. शुद्ध चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०·४९ व तांब्याचे ८·९६ असल्याने अकरा-बारांश चांदीच्या नाण्याचे ते सु. १०·३ यावे. ते बरेच कमी भरले, तर नाणे संशयास्पद ठरते. अंक बदललेले नाणे मात्र या कसोटीला उतरते. ते भिंगाखाली पाहून अस्सल नाण्याशी ताडूनच ओळखावे लागते.

टाकसाळीनेच जुन्या साच्यांवरून मागाहून पाडलेली नाणी हा वेगळा प्रकार होय. मुंबई व कलकत्ता येथील टाकसाळींनी संग्राहकांसाठी अशी पुनर्मुद्रिते पाडली होती. ती बनावट नव्हेत; परंतु मूळ नाण्याच्या किंमतीचीही नव्हेत. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया टेरेसा हिचा १७८० सनाचा थेलर अरबस्तान व पूर्व आफ्रिकेत इतका प्रिय झाला, की तिच्या मृत्यूनंतरही तोच सन घालून तो अनेक देशांत पाडला गेला. दुसऱ्या महायुद्धकाळात तो मुंबईच्या टाकसाळीतही निघाला. त्यावरील सन पाहून त्याचे वय ठरविणारा फसल्यावाचून राहणार नाही.

कायदा व निधी : भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात व त्यांची खाजगी निर्यात निषिद्ध आहे. नाणे कोठे, कोणत्या भांड्यात, कोणत्या नाण्यांबरोबर मिळाले, या माहितीला बाजारात किंमत नाही. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची असते. अनेक निधी भीतीमुळे वा लोभामुळे गुपचूप सराफाकडे जाऊन वितळविले जातात आणि एका प्रदेशाच्या व्यापाराचा वा राज्यसत्तेचा पुरावा लगडीत रूपांतरित होतो.

उपसंहार : घरात असलेल्या जुन्या रुपयांची किंमत ठरविताना प्रथम त्यांतील चांदीचा हिशेब करावा. कलदार रुपयात १०·६९ ग्रॅ. व १९४० नंतरच्या रुपयात सु. ५·८३ ग्रॅ. शुद्ध चांदी असते. चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरल्यास त्यांचे धातुमूल्य अनुक्रमे सु. १,०६९ व ५८३ रुपये येते. ही त्या नाण्याची किमान किंमत होय. तिच्यावर किती चढवावे हे वर्ष, टाकसाळ, पोटप्रकार व प्रत पाहिल्यावाचून सांगता येत नाही. बहुसंख्य रुपये या किमान किंमतीच्या आसपासच राहतात आणि त्यांबद्दल भरमसाट अपेक्षा बाळगणे व्यर्थ ठरते. परंतु न घासता व न पाहता केलेल्या मोडीत एखादे विरळ नाणे जाण्याचा धोका सदैव असतो. धातूचा भाव चढतो आणि उतरतो. वितळलेले नाणे मात्र कोणत्याही भावाने परत मिळत नाही. या एकाच गोष्टीमुळे रौप्यनाण्यांची दुर्मिळता पिढीगणिक वाढत जाते, आणि उरलेल्या नाण्यांवरील जबाबदारीही.